ब्रायटर शोर्स : रूनस्केपवाल्या गॉवरचा नवा ऑनलाइन खेळ. कोणी खेळतंय का?

निवांत_पेठकर | १७ नोव्हेंबर २०२४, रविवार सकाळ

मंडळी, २००४ ते २००७ च्या आसपास नेट कॅफेत तासाचे पंधरा-वीस रुपये मोजून ज्यांनी रूनस्केप खेळलंय, त्यांच्यासाठी मुख्यतः हा धागा. बाकीच्यांनीही यावं, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये आलं. अँड्र्यू गॉवर आणि त्याचा भाऊ पॉल यांनी लिहिलेलं. ते ब्राउझरमध्येच जावावर चालायचं, म्हणून आपल्याकडे पोचलं. कॅफेवाल्याला काही इन्स्टॉल करायला सांगायचं म्हणजे हातापाया पडणं आलं. इथे पत्ता टाइप केला की काम झालं. शेजारचा माणूस रेल्वेचं रिझर्वेशन बघतोय आणि आपण कारामजा बेटावर लॉब्स्टर पकडतोय, असा तो काळ.

गॉवर २०१० च्या शेवटी जॅगेक्स या रूनस्केपच्या कंपनीतून बाहेर पडला. फेन रिसर्च नावाची छोटी कंपनी काढून तो स्वतःचं गेम इंजिन वगैरे बनवत बसला होता. यंदा मार्चमध्ये त्याने ब्रायटर शोर्स जाहीर केलं आणि ६ नोव्हेंबरला ते पूर्ण होण्याआधीच स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आलं. तेव्हापासून रोज जेवणानंतर थोडं थोडं खेळतोय. हे काही परीक्षण नाही, आत्तापर्यंत जे वाटलं ते लिहितो.

तुम्ही होपपोर्ट नावाच्या बंदरगावात पहारेकऱ्यांच्या तुकडीत नवे भरती झालेले असता. जग चार भागांत, म्हणजे त्यांच्या भाषेत एपिसोडमध्ये वाटलेलं आहे : होपपोर्ट, होपफॉरेस्ट, माइन ऑफ मँटुबान आणि क्रेनोपोलिस. पहिले दोन फुकट, पुढच्या दोघांना मासिक पास.

पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यात भरतं ते हे की इथे मोकळं मैदान नाही. सगळं जग खोल्याखोल्यांचं आहे. रस्ताही खोली, मासळीचा धक्काही खोली. जमिनीवर घरं आखलेली आणि आपलं पात्र त्या घरांवरून सरकतं, थेट सारीपाटाच्या सोंगटीसारखं. कॅमेरा फिरवता येत नाही. सुरुवातीला माझा हात सारखा माउसचं मधलं बटण दाबून जग फिरवायला जायचा. आता सवय झाली, आणि एक फायदाही कळला. प्रत्येक खोली कोणीतरी हाताने मांडल्यासारखी दिसते. धक्क्यावरच्या टोपल्या, दोर, पाण्यावरचा उजेड... बघत राहावं.

खरी मजा उद्योगधंद्यांत आहे. होपपोर्टमध्ये मासेमारी करा, ते मासे स्वयंपाकघरात नेऊन रांधा. रानातून वनस्पती वेचा आणि किमयागाराच्या भट्टीवर त्यांची औषधं बनवा. होपफॉरेस्टमध्ये लाकूडतोड आणि सुतारकाम. खाणीत लोहारकी, पाथरवटाचं काम आणि बोनराइट नावाचा हाडांच्या वस्तू घडवणारा अजब धंदा. प्रत्येक धंद्याच्या लेव्हल ५०० पर्यंत! रूनस्केपच्या ९९ वर ज्यांची जवानी गेली त्यांनी आकडा नीट वाचावा.

पण गंमत म्हणजे ठरावीक टप्प्यानंतर काही कामं 'पॅसिव्ह' होतात. आपण खेळ बंद करून झोपलो तरी पात्र काम करत राहतं. सकाळी चहा घेताना उघडलं की रात्रीची कमाई जमा. नोकरीवाल्यांसाठीच काढलेली सोय.

आता तक्रार. लढाई मला सपक वाटली. एका वेळी एकच शत्रू, आळीपाळीने वार, आणि दुसरा खेळाडू शेजारी उभा असला तरी मदतीला येऊ शकत नाही. व्यापारही पासवाल्यांनाच. त्यामुळे खेळ आवडला असं म्हणतानाच एक प्रश्न डोक्यात आहे : हा ऑनलाइन का आहे? आजूबाजूला शंभर माणसं पळतायत, आणि मला त्यांच्यातल्या एकाचीही गरज नाही.

तुमचं काय मत?

टवाळ | रविवार सकाळ

रुमाल. सविस्तर प्रतिसाद बायको माहेरी गेल्यावर.

कर्जत_स्लो | रविवार दुपार

छान लिहिलंय पेठकर. मी ब्रायटर शोर्स लावून बघितलं आणि परत ओल्ड स्कूल रूनस्केपला, म्हणजे रूनस्केपच्या जुन्या रूपाला, आलो. ते २०१८ पासून मोबाइलवर आहे. बदलापूर गेलं की बसायला जागा मिळते, तिथून घरापर्यंत झाडं तोडतो. नेटवर्क रेंगाळलं तरी काही बिघडत नाही. तो खेळ मुळात ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. तुम्ही कितीही घाईने बोट आपटा, सर्व्हर पुढच्या ठोक्यालाच ऐकणार. आपल्याकडून युरोपच्या सर्व्हरला दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागले तरी त्या ठोक्यात ते जिरून जातात. गोळीबाराच्या खेळांत एवढ्या वेळात माणूस मरून परत जिवंत होतो.

ब्रायटर शोर्समध्येही लॅगचा त्रास नव्हता हे कबूल. पण मला तुमच्या 'खोल्या' झेपल्या नाहीत. रूनस्केपमध्ये लंब्रिजहून वॅरॉक शहराला चालत जाताना वाटेत काय काय दिसायचं, कोणी मरून पडलेला असायचा, त्याचा माल उचलायचा! इथे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. सरकारी ऑफिसात फिरल्यासारखं वाटतं.

वऱ्हाडी_वाघ | रविवार दुपार

पेठकर भाऊ, तुम्ही खरी गोम तर लिहिलीच नाही ना बाप्पा. प्रत्येक एपिसोडमध्ये लढाईचा धंदा वेगळा आहे. होपपोर्टमध्ये तुम्ही गार्ड, होपफॉरेस्टमध्ये स्काउट, खाणीत माइनफायटर, क्रेनोपोलिसमध्ये वॉचपर्सन. आणि एकाची लेव्हल दुसऱ्यात चालत नाही. म्हणजे मी इकडं घाम गाळून गार्ड मोठा केला, तलवार कमावली, आणि जंगलात पाय टाकला की पुन्हा शून्य. नवा धंदा, नवी हत्यारं. जंगलातलं पिल्लू मले हाणून राह्यलं!

स्टीमवर रिव्ह्यू 'मिक्स्ड' दिसून राह्यले त्याचं मोठं कारण हेच आहे. लोकं काही वेडे नाहीत.

मुक्ता_७ | रविवार संध्याकाळ

वाघदादा, मला नेमकं तेच आवडलं, आता बोला!

मी याआधी जे ऑनलाइन खेळ खेळले त्यात दोन-तीन वर्षं उशिरा आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. सगळे शेवटच्या नकाशावर गर्दी करून बसलेले आणि सुरुवातीची गावं ओस. पाच विस्तार आले की पहिले चार नुसते ओलांडून जायचे रस्ते होतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बघा. २००४ पासूनचं एवढं प्रचंड जग, आणि नवा माणूस त्यातला बहुतेक भाग धावत पार करतो. इथे प्रत्येक भाग स्वतंत्र असल्यामुळे होपपोर्ट कधीच जुनं होणार नाही. उद्या पाचवा एपिसोड आला तर तिथे तुम्ही आणि कालचा नवशिका एकाच रेषेवरून सुटणार.

आणि क्रेनोपोलिसपर्यंत कोणी गेलंय का? तिथे डिटेक्टिव्ह नावाचा धंदा आहे. ऑनलाइन खेळात झाडं तोडून, दगड फोडून लेव्हल वाढवणं नेहमीचंच. तपास करून लेव्हल वाढवणं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. निव्वळ त्यासाठी मी पास घेतला.

वऱ्हाडी_वाघ | रविवार संध्याकाळ

ताई, तुमचा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण मग मागच्या मेहनतीची काही तरी खूण पुढं दिसाले पाहिजे की नाही? दहावी पास झालेल्याले अकरावीत पुन्हा बालवाडीत नाही बसवत कोणी. थोडा बोनस द्या, आधीची तलवार भिंतीवर टांगाले तरी जागा द्या. काहीच नाही म्हटल्यावर माणूस पुढं कायले जाईन?

मुक्ता_७ | रविवार संध्याकाळ

थोडा बोनस द्यायला माझी हरकत नाही. पण 'सगळं पुढे चालू द्या' म्हटलं की पहिल्या गावाचं मरण ठरलेलं. दोन्ही एकदम मिळणार नाही.

खवचट_खान्देशी | रविवार रात्र

चार दिवस लॉगआउट करून झोपलो तरी लेव्हल वाढते, याला खेळ म्हणायचं? मग हा खेळ नेमका खेळतंय कोण? आमच्या ऑफिसातले एक साहेब असंच काम करतात, त्यांना प्रमोशनही मिळालं.

(हलके घ्या.)

निवांत_पेठकर | रविवार रात्र

खवचटराव, टोला मान्य. पण पॅसिव्ह कामाची कमाई हातच्या कामापेक्षा कमी असते आणि सुरुवातीला ती सोयच नसते. आधी स्वतः राबावं लागतं. शिवाय रूनस्केपमध्ये तरी वेगळं काय होतं? य्यूच्या झाडावर क्लिक करून लोक जेवून यायचे. इथे त्या ढोंगाला अधिकृत मान्यता दिली एवढंच. पीसी रात्रभर चालू ठेवावा लागत नाही, बॉट (आपल्याऐवजी खेळणारा प्रोग्राम) लावायचा मोहही कमी. खरं तर मला ही या खेळातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

सांगलीकर_अण्णा | सोमवार सकाळ

नमस्कार. माझं वय ६८. नातवामुळे हा धागा उघडला. पोरं म्हणतात 'ऑनलाइन गेम', आणि मी पेपरात वाचतो ऑनलाइन गेमवर २८ टक्के जीएसटी, कोण कर्जबाजारी झाला, कोण घर सोडून गेला. हा त्यातलाच प्रकार का? राग मानू नका, खरंच कळत नाही म्हणून विचारतो.

मुक्ता_७ | सोमवार सकाळ

अण्णा, राग कसला. अहो, तो प्रश्न आमच्या घरीही येऊन गेलाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जो २८ टक्के कर लागला तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर. रमी, पोकर, फँटसी क्रिकेटच्या टीमा वगैरे. तिथे पैसे टाकायचे आणि जिंकून पैसे काढायचे. आता गोंधळ असा की त्यातल्या क्रिकेटवाल्यांनाही 'फँटसी गेम' म्हणतात आणि आम्ही ज्याबद्दल बोलतोय त्यालाही. इथली फँटसी म्हणजे जादू, चेटूक, तलवारी. इथे पैसे जिंकता येत नाहीत. सिनेमाचं तिकीट काढावं तसा फार तर महिन्याचा पास काढायचा.

नातू नक्की काय खेळतो ते मात्र शेजारी बसून बघा. नुसतं नाव विचारून कळत नाही.

सांगलीकर_अण्णा | सोमवार दुपार

आभारी आहे. शेजारी बसलो. तो ट्रॅक्टर चालवतोय. नांगरट सरळ नाही हे सांगितल्यावर चिडला.

टवाळ | सोमवार दुपार

अण्णा _/\_ धागा इथेच वसूल.

ओमी_०५ | सोमवार रात्र

सगळ्या काका लोकांना नमस्कार 😄 मी बीजीएमआयवाला, म्हणजे मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळातला. मित्राने सांगितलं म्हणून डाउनलोड केलं. खरं सांगू? फार स्लो आहे. मासा पकडायला उभा राहिलो, पात्र काठी हलवतंय, मी बघतोय. पुढे काय? परत मासा. लढाईत पण मी काही करतोय असं वाटतच नाही, बघत बसायचं आणि मधे औषध प्यायचं. आमच्यात तीस मिनिटांत मॅच संपते, जिंकलो-हरलो कळतं. तुम्ही लोक यात नेमकं काय एन्जॉय करता?

कर्जत_स्लो | सोमवार रात्र

ओमी बेटा, योग्य प्रश्न. उत्तर लांबट आहे.

आमच्या वेळी मासा पकडणं हा बहाणा होता. कारामजाला जायला पोर्ट सरीमहून बोट, भाडं ३० नाणी. लॉब्स्टर पकडायला मासेमारीची ४० लेव्हल लागायची. २८ खणांची पिशवी भरली की बेटावर बँक नाही, मग परत बोट, परत चाल. या सगळ्या वेळात त्या धक्क्यावर दहा-बारा अनोळखी लोक उभे असायचे आणि सगळे बोलत असायचे. कोण फिनलंडचा, कोण ब्राझीलचा. माझं इंग्रजी शाळेत जेवढं सुधारलं नाही तेवढं तिथे सुधारलं. मालाचा भाव करणं, फसवणाऱ्याला ओळखणं, गोड बोलून तीस नाणी उधार मागणं, सगळं तिथेच शिकलो.

खेळ स्लो होता म्हणून गप्पांना वेळ होता. तुझ्या मॅचमध्ये कोणी 'जेवलास का' विचारलं तर तुम्ही त्याला शिव्या घालाल.

ओमी_०५ | सोमवार रात्र

हे भारी आहे काका. पण मग मी काल होपपोर्टच्या धक्क्यावर अर्धा तास उभा होतो. एकही माणूस बोलला नाही. मी हाय टाकलं, कोणी उत्तर नाही दिलं.

निवांत_पेठकर | मंगळवार सकाळ

ओमीने माझा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला मांडला.

माझ्या मते दोष एकट्या गॉवरच्या खेळाचा नाही. रूनस्केपमध्ये गप्पा गरजेतून सुरू व्हायच्या. वॅरॉकच्या पश्चिम बँकेपुढे उभं राहून ओरडल्याशिवाय माल विकला जायचा नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये ग्रँड एक्स्चेंज आलं. माल टाका, किंमत टाका, खिडकी बंद. सोय झाली, बाजारातली बडबड संपली. त्याच वर्षी डिसेंबरात वाइल्डरनेस भागातली खेळाडूंची आपसातली मारामारी बंद केली, पाठोपाठ व्यवहारांवर मर्यादा आली. त्यामागे चोरीच्या क्रेडिट कार्डांवर चालणारा खेळातल्या सोन्याचा काळा बाजार होता, म्हणजे कंपनीकडे कारण होतं. पण परिणाम असा की माणसाला माणसाची गरज उरली नाही. त्यानंतर खेळ सोडलेले बरेच जण आपल्यातही असतील. २०१३ मध्ये ओल्ड स्कूल सुरू केलं तेही ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून, याच भानगडीच्या आधीच्या.

आता ज्या माणसाने हे सगळं आतून पाहिलं, त्याने नव्या खेळात व्यापार पासच्या आड ठेवलाय. कारण समजतं. फुकट खाती काढून सोनं विकणाऱ्यांना रोखायचं तर नव्या खात्याचे हात बांधणं हा सोपा उपाय. पण मी पकडलेला मासा मुक्ताताईंना देऊ शकत नसेन, आणि वाघाला जंगलातलं पिल्लू हाणत असताना मी नुसता बघत उभा राहणार असेन, तर आम्ही तिघं एकत्र ऑनलाइन आहोत म्हणजे काय? एका वाचनालयात बसलोय एवढंच.

फेनलँडकर | मंगळवार दुपार

इंग्लंडातून हजेरी. केंब्रिजच्या उत्तरेला राहतो. सायन्स पार्कच्या बसने जाताना जॅगेक्सची आठवण येते.

पेठकर, एक बाजू सुटली. गॉवर गेल्यावर २०१२ मध्ये रूनस्केपमध्ये 'स्क्वील ऑफ फॉर्च्यून' आलं. रोज चक्र फिरवा, बक्षीस घ्या, जास्त फिरवायचं तर पैसे मोजा. जुने खेळाडू त्यावर आजही तोंड वाकडं करतात. ब्रायटर शोर्समध्ये तसलं काही नाही. चक्र नाही, नशिबाची पेटी नाही, सोन्याचे गठ्ठे विकायला नाहीत. फक्त महिन्याचा पास. आजच्या बाजारात हे धाडस आहे. मोबाइलवरचा कुठलाही काल्पनिक साम्राज्याचा खेळ उघडा, खेळ सुरू व्हायच्या आधी तीन ऑफर येऊन आदळतात. इथे होपपोर्टमध्ये कोणी काही विकायला अंगावर आलं नाही, यातच मी अर्धा खूश.

संवादही वाचत जा. घाईत क्लिक करू नका. पहारेकऱ्यांचा तो कोरडा इंग्रजी तिरकसपणा रूनस्केपच्या जुन्या क्वेस्टांची आठवण करून देतो. आमच्या ऑफिसातले लोक अगदी असंच बोलतात, चेहऱ्यावरची रेष न हलवता.

खवचट_खान्देशी | मंगळवार दुपार

म्हणजे पुणेकर तिकडेही आहेत तर.

निवांत_पेठकर | मंगळवार दुपार

दुपारी एक ते चार उत्तर मिळणार नाही.

रेवा | मंगळवार रात्र

मुलगा बारा वर्षांचा आहे, मागे लागलाय. मला दोनच गोष्टी सांगा : त्याच्याकडून चुकून पैसे जातील का, आणि अनोळखी लोकांशी बोलणं कितपत होतं?

मुक्ता_७ | मंगळवार रात्र

रेवा, पैशांचं : कार्ड कुठेच जोडू नकोस, पहिले दोन एपिसोड तसेच खेळता येतात आणि त्यातच बारा वर्षांच्या मुलाचे महिने जातील. खेळाच्या आत छोट्या छोट्या खरेद्या नाहीत, त्यामुळे 'चुकून' जायला वाट कमी.

बोलण्याचं : चॅट सगळ्यांना दिसतं. ओमी म्हणतो तशी सध्या शांतता आहे, पण ती कायम राहील असं धरून चालू नकोस. खऱ्या नावाचं खातं नको, शाळेचं नाव नको, आणि पीसी हॉलमध्ये. खेळात मारामारी आहे पण किळसवाणं काही मला तरी दिसलं नाही. आणखी एक, वाचन भरपूर आहे आणि सगळं इंग्रजी. त्याला कंटाळा आला तर तो त्यामुळेच येईल.

कर्जत_स्लो | मंगळवार रात्र

हॉलमधल्या पीसीला +१. आमच्यावर कॅफेवाल्या दादाची नजर असायची, तो बाबांना ओळखायचा.

ढोलकीपटू | बुधवार सकाळ

आत्ता वाचला धागा. वाचनखूण साठवली.

रूनस्केपची आठवण काढताय तर रॅग्नारोक या ऑनलाइन खेळाचे जुने खेळाडू आहेत का कोणी? भारतात त्याचा चक्क अधिकृत सर्व्हर होता. कॅफेत रिचार्जची कार्डं मिळायची. आणि ए-थ्री नावाचा दुसरा खेळ! त्या काळात वाटलं होतं की आता इथेच सर्व्हर येत राहणार. झालं उलटंच, हे खेळ गेले आणि मोबाइल आला. आज आपण इंग्लंडच्या खेळाबद्दल मराठीत बोलतोय, सर्व्हर कुठे आहे कोणाला पडलेली नाही. कारण कर्जतकरांनी वर सांगितलंच, संथ खेळाला अंतराचं वावडं नसतं. जलद लढाईचे फँटसी खेळ घ्या. थ्रोन अँड लिबर्टी ऑक्टोबरात जगभर आलं. चकाचक आहे, पण एकतर मशीन भारी पाहिजे आणि मोठ्या गिल्डांच्या (खेळाडूंच्या गटांच्या) लढाईत लांबच्या माणसाची फरफट होते. आपल्यासारख्यांना गॉवरचा मार्ग परवडतो.

वऱ्हाडी_वाघ | बुधवार सकाळ

रॅग्नारोक! त्यातल्या प्रॉन्टेरा शहराच्या चौकात दुकान मांडून बसायचो भाऊ. चिठ्ठीवर काय पण लिहायचे लोकं. बोलायची गरज पडे म्हणून तर मजा.

ढोलकीपटू | बुधवार दुपार

पासचं कोणी सांगेल का? माझ्या कार्डावरून दोनदा पेमेंट परत आलं. बँकेत फोन केला तर 'सर, मर्चंटला विचारा'.

फेनलँडकर | बुधवार दुपार

आमच्याकडे पटकन झालं, तुमच्याकडचं माहीत नाही.

मुक्ता_७ | बुधवार दुपार

ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्ड पेमेंटला रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागतात. सुरुवातीला ओटीपीने मंजुरी, नंतर प्रत्येक वेळी कापायच्या आधी सूचना. परदेशी व्यापाऱ्याने ती व्यवस्था बसवलेली नसली की बँक सरळ नाकारते. आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' चालू आहेत का बघा, बहुतेकांचे मुळात बंद असतात. ते चालू असूनही अडलं तर दुसऱ्या बँकेचं कार्ड वापरून बघा. माझं दुसऱ्या कार्डाने झालं.

आणि घाई नसेल तर थांबा. होपपोर्ट आणि होपफॉरेस्ट नीट खेळून झाल्याशिवाय पास घेण्यात अर्थ नाही. पास घेतल्याने तिथलं काम लवकर होत नाही.

निवांत_पेठकर | बुधवार रात्र

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर काल मिळालं. मुक्ताताई आणि मी ठरवून एका वेळी आलो. ती स्वयंपाकघराच्या खोलीत, मी धक्क्यावर. एकमेकांना काही देता येत नव्हतं (पास माझ्याकडे नाही), लढाईत मदत करता येत नव्हती. पण तिने कुठल्या लेव्हलला कुठला मासा सोडून पुढे सरकायचं ते सांगितलं आणि माझा संध्याकाळचा निम्मा वेळ वाचला. मग गप्पा सुरू झाल्या, मासे आपोआप पकडले जात होते. तिसराच एक माणूस, कुठला कोण, मधेच थांबून विचारता झाला की ही कुठली भाषा, कारण आम्ही रोमन लिपीत मराठी टाइप करत होतो. मग तोही तिथेच मासे पकडत उभा राहिला.

तरीही माझं मत तेच. खेळाने आम्हाला एकत्र आणलं नाही, आम्ही खेळात एकत्र गेलो. अर्ली अ‍ॅक्सेस आहे, गॉवरने निदान दोन माणसांना मिळून एक शत्रू मारता येईल एवढं केलं तर मी पास घेईन. तोवर फुकटात मासे.

वऱ्हाडी_वाघ | बुधवार रात्र

आणि लेव्हलचं काही केलं तर मी घेईन. तोवर मी पण गार्डच.

ओमी_०५ | बुधवार रात्र

काका, पुढच्या वेळी येणार असाल तर धाग्यावर टाका वेळ. मी पण येतो. स्लो आहे पण आईसमोर खेळता येतं, ती ओरडत नाही 😄

टवाळ | गुरुवार सकाळ

बायको माहेरी गेली. सविस्तर प्रतिसाद : डाउनलोड लावलंय. माझ्याकडे २०१६ चा लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड वेगळं नाही. चालेल का?

कर्जत_स्लो | गुरुवार सकाळ

माझ्याकडेही वेगळं कार्ड नव्हतं, चाललं. रिझोल्यूशन एक पायरी उतरव आणि ब्राउझरच्या टॅब बंद कर. मॅकवरही चालतं. एसएसडी नसेल तर पहिल्यांदा उघडायला वेळ घेईल, मधेच बंद करू नकोस.